भुशाचा लाडू

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत त्यांचे नाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जी कुरकुर करणार आहे तिचा गैरसमज होणार नाही. ते म्हणजे आमच्या कारखान्याच्या बॉयलरवरचे अण्णा. लाकडाचा भुसा घेऊन येणारे ट्रकवाले त्यांना लाडूअण्णा म्हणत. गाडी फाटकातून आत आली की अण्णा मागच्या फाळक्यावर चढायचे, कोपरापर्यंत हात भुशात खुपसायचे, तळातला मूठभर भुसा काढून घट्ट दाबायचे आणि मूठ उघडायचे. मुठीत लाडू वळलेला दिसला की गाडी परत. मग ती गाडी कितीही लांबून आलेली असो, नाहीतर मालकांच्या मेव्हण्याची असो.

आमचा कारखाना सोलापूरच्या एमआयडीसीत, टॉवेल रंगवण्याचा. रंगाला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि आमच्या बॉयलरला लागतो वखारींचा उरलासुरला माल: भुसा, ढलप्या, साली, फर्निचरवाल्यांचे तुकडे. हा माल वेळेवर आणणे हे माझे काम, आणि मी आणलेला माल परत पाठवणे हे अण्णांचे. निदान मला तरी पहिले सहा महिने तसेच वाटत होते. मी जेऊरजवळचा, उजनीच्या पाण्याकाठच्या गावातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. बी.एस्सी. झालो, इंधन सुपरवायझर म्हणून चिकटलो. वर्षभर कच्ची नोकरी, मग कायमचे पत्र. त्या पत्राची वाट माझ्यापेक्षा माझे वडील जास्त पाहत होते.

अण्णांनी पहिल्याच दिवशी माझे नाव विचारले, शिक्षण विचारले आणि नाव तिथेच विसरून टाकले. "या बीएस्सी," म्हणाले, "हितं उबं ऱ्हाऊ नका. दाराच्या म्होरं कदी उबं ऱ्हायचं न्हाय. बाजूला." भट्टीच्या दारासमोर उभे राहायचे नाही, हे वाक्य त्यांनी मला दिवसातून दहा वेळा ऐकवले. दार बंद असतानाही ऐकवले. एकदा बॉयलर दुरुस्तीला थंड पडलेला होता, आत मिस्त्री काम करत होता, तेव्हाही ऐकवले. मी म्हणालो, "अण्णा, आत आगच नाही." म्हणाले, "आग न्हाय, पन तुमची सवय हाय की."

रफिकभाईंची गाडी परत गेली तो दिवस मी विसरणार नाही. रफिकभाई आमचे सर्वांत जुने ट्रकवाले, पिढ्यान्‌पिढ्या वाहतुकीत असलेले. त्या दिवशी आमच्या आवारात जेमतेम दुपारपर्यंत पुरेल एवढाच भुसा होता. अण्णांनी मूठ दाबली, उघडली. लाडू.

"नक्को ना वो अण्णा," रफिकभाई अक्षरशः हात जोडून म्हणाले. "ताडपत्री टाकलेली होती मी. टेंभुर्णीला पाऊस लागला, त्याला मी काय करू?"

"ताडपत्री वरनं टाकली, पानी खालनं आलं. आता ह्ये पानी मी जाळू का तुमी?"

"अर्धी गाडी तरी घ्या की."

"अर्दा लाडू असतुय व्हय, रफिकभाय?"

गाडी गेली. दुपारी वाफ पडली, डाइंगमास्तर फोनवर माझ्या सात पिढ्यांची चौकशी करू लागले, आणि निळ्या टॉवेलचा एक अख्खा लॉट फिकट निघाला. अण्णा शांतपणे वाफेच्या काट्याकडे पाहत म्हणाले, "मेंढरू उपाशी ऱ्हायलं तर जगतंय. वलं खाल्लं की फुगतंय." सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला माणूस. बॉयलरही त्यांना मेंढरासारखाच वाटे. माझी मात्र त्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये कातडी सोलली गेली.

मग मी ओल मोजायचे मीटर मागवले. छोटे यंत्र, दोन सुया, पडद्यावर आकडा. अण्णांना मोठ्या उत्साहाने दाखवले. त्यांनी ते उलटेसुलटे केले आणि विचारले, "ह्येला माती कळती?" आणि मग चिमूटभर भुसा जिभेवर ठेवून दातांनी चावला. कचकच वाजले. वखारीतला झाडलोटीचा माल आहे, त्यात वाळू आहे, भट्टीत तिचा दगडासारखा खंगर होणार, असे सांगून त्यांनी तीही गाडी परत पाठवली. मीटरने ती गाडी उत्तम ठरवली होती. न्यायाचे सांगायचे तर अण्णा चुकायचेही. एकदा एका नव्या ड्रायव्हरने त्यांना 'म्हातारा' म्हटले, तेव्हा अण्णांच्या मुठीत जो लाडू झाला तसला लाडू मला त्या भुशात काही केल्या वळता आला नाही. मी चार वेळा दाबून पाहिले. "तुमची मूठ पोकळ हाय," अण्णा म्हणाले.

त्यांची आणखी एक सवय माझ्या डोक्यात जाई. कुठलाही कागद हातात आला की तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. नोटीस असो, लग्नपत्रिका असो, वर्तमानपत्र असो. "वाचा हो बीएस्सी, चष्मा घरी ऱ्हायलाय." चष्मा रोज घरीच राहायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "अण्णा, उद्यापासून चष्मा आणत जा." त्यावर त्यांचे उत्तर: "कागुद आपुन वाचला की कागुद कळतो. दुसऱ्याच्या तोंडनं वाचला की मानूस बी कळतो." मी मनात म्हटले, वाचता येत नाही एवढे कबूल करायला माणूस काय काय बोलतो! आणि तेही कुठे म्हटले, तर त्यांच्या बॉयलर अटेंडंटच्या सरकारी दाखल्याच्या चौकटीखाली उभे राहून. तो दाखला परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही, हे माझ्यासारख्या पदवीधराला सुचू नये याला काय म्हणावे!

वडील एकदा कारखाना पाहायला आले. जेऊरहून रेल्वेने, खांद्यावर केळीचा घड घेऊन. साहेब लोकांत कसे बोलावे हे न कळून ते फाटकाशीच उभे राहिले. मी कामात होतो. पाहतो तो अण्णा त्यांना आवारात नेऊन चिमणीकडे बोट दाखवत होते. "त्यो धूर दिसतोय न्हवं पाव्हनं? काळा झाला की समजायचं, तुमच्या पोरानं वला माल घेतला."

"आन् पांडरा असला की?" वडिलांनी विचारले.

"पांडरा असला की समजायचं, मी परत पाटवला."

दोघेही इतके हसले की मला राग आला. जाताना वडिलांनी त्यांना विचारले, "कायमचं हुईल न्हवं आमचं पोरगं?" अण्णांनी काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. घड मात्र बॉयलरवरच राहिला आणि आठवडाभर सगळे तिथे केळी खात होते.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. सगळ्या कारखान्यात मशीनला हार मालकांच्या हातून पडतो, पण भट्टीच्या दाराशी नारळ अण्णाच फोडायचे. असा कोणी नियम केला नव्हता, पण दुसऱ्या कोणी हात पुढे केला नव्हता. एका फटक्यात दोन वाट्या, पाणी सांडू न देता.

आता त्या दिवसाचे सांगतो. कायमच्या पत्राला दोन महिने उरले होते. अण्णांनी लागोपाठ तीन गाड्या परत पाठवलेल्या, आवार मोकळे, डाइंगमास्तरांचे फोन चालू. अशात मला एका फर्निचर कारखान्याचा माल मिळाला. लाकूड यंत्रावर घासताना पडते ती भुकटी, पिठासारखी बारीक. मीटर लावले तर ओल जवळपास नाहीच. मी विजयी मुद्रेने अण्णांना बोलावले. त्यांनी मूठ भरली, दाबली, उघडली. लाडू झाला नाही. भुकटी बोटांमधून पाण्यासारखी गळून गेली.

"झाला लाडू?" मी विचारले.

"न्हाय."

"मग? तुमच्याच नियमाने पास!"

"लाडू झाला तर परत," अण्णा म्हणाले. "आन् बोटातनं गळाली तर त्येच्याहून लांब ठिवायची. ही उडती. उडली की पेटती."

"हा अर्धा नियम तुम्ही आज सांगताय?"

"तुमी इचारलं कुटं?"

मला संताप आला. दहा महिने ज्या लाडवाने माझा जीव खाल्ला, तो लाडू एकदाचा झाला नाही, तर आता हे! अण्णा सांगू लागले की ही भुकटी ओल्या ढलप्यांत कालवायची, वर पाणी शिंपडायचे, दोन तास मुरू द्यायची, मग थोडी थोडी टाकायची. माझ्याकडे दोन तास नव्हते. मी म्हणालो, "टाका." ते म्हणाले, "मी टाकणार न्हाय." मी पुन्हा म्हणालो, ते पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा मी त्यांच्या हातातले फावडे घेतले, भुकटीने भरले, दार उघडले आणि बरोबर दारासमोर उभे राहून भुकटी आत भिरकावली.

आवाज फार मोठा झाला नाही. कोणी जाड चादर झटकावी तसा झाला. दारातून जाळाची जीभ बाहेर आली ती मला दिसली, पण अंगावर आली नाही, कारण तोवर अण्णांनी एका हाताने मला कॉलर धरून बाजूला फेकले होते आणि दुसऱ्या हाताने ते तापलेले लोखंडी दार ढकलून बंद केले होते. माझ्या भुवया गेल्या. त्यांचा उजवा पंजा मनगटापर्यंत भाजला.

दवाखान्यातून पट्टी बांधून ते तासाभरात परत आले आणि पहिले वाक्य बोलले, "लॉगबुकात लिवलं का?" लॉगबुक म्हणजे बॉयलरची रोजची वही, काय घडले ते त्यात त्याच दिवशी नोंदवायचे. मी लिहिले: 'दुपारी सव्वादोन वाजता बारीक भुकटी भट्टीत टाकताना ज्वाला बाहेर आली. अटेंडंटचा उजवा हात भाजला.' यातला एकही शब्द खोटा नाही. टाकणारा कोण, नको म्हणणारा कोण, एवढेच त्यात नाही.

"वाचा," अण्णा म्हणाले. "चष्मा घरी हाय."

आणि मी वाचले. जे लिहिले ते वाचले, आणि जे लिहिले नव्हते तेही वाचले. 'अटेंडंटने दोनदा नकार दिला असता इंधन सुपरवायझरने स्वतः फावडे घेऊन भुकटी टाकली,' असे एक अख्खे वाक्य मी कोऱ्या जागेवर नजर ठेवून, न अडखळता वाचले. "ब्येस," अण्णा म्हणाले. वही ओढून घेतली आणि डाव्या हाताने सही केली. फार वेळ लावला. मला वाटले, डावा हात म्हणून.

पुढचे व्हायचे तसेच झाले. मॅनेजरसाहेबांनी नोंद वाचली आणि अटेंडंटने निष्काळजीपणा केला असा अर्थ काढला. मला विचारले, "तू कुठे होतास?" मी म्हणालो, "तिथेच होतो, सर." हेही खरेच. अण्णांना विचारले तर ते म्हणाले, "लॉगबुकात लिवलंय की." त्यांना बॉयलरवरून उतरवून आवारात माल उतरवून घेण्याच्या कामावर घातले. दोन महिन्यांनी मला कायमचे पत्र मिळाले. वडिलांनी जेऊरच्या स्टेशनावर ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना पेढे वाटले. त्या वर्षीच्या खंडेनवमीला भट्टीपाशी नारळ एका नव्या अटेंडंटने फोडला. तीन फटके लागले. अण्णा लांब भुशाच्या ढिगाजवळ उभे होते आणि पाहत नसल्यासारखे दाखवत होते.

मला वाटले होते, आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही. बोलला नसता तर बरे झाले असते. त्यांनी दुप्पट छळ सुरू केला. आवारातून ओरडायचे, "बीएस्सी, बॉयलरच्या काचंत पानी दिसंना झालं तर पयलं काय कराल?" मी उत्तर द्यायचो. "चूक! इचार करून सांगा." जेवताना प्रश्न, गाडी मोजताना प्रश्न, लघवीला चाललो तरी प्रश्न. अटेंडंटच्या परीक्षेला बसा म्हणून त्यांनी तीन वर्षे माझे डोके खाल्ले. "नुसता भुसा मोजून किती दिवस ऱ्हानार? जाळाजवळ या," म्हणायचे. भाजलेल्या हाताची दोन बोटे नीट मिटत नव्हती, त्यामुळे लाडू ते आता डाव्या मुठीने वळत, आणि गाड्या तितक्याच परत जात. त्या दिवसाबद्दल मात्र एक अक्षर नाही. यंदा उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, दोन भाषणे. भाषणात मॅनेजरसाहेब म्हणाले, "एक लहानशी चूक सोडली तर अण्णांची सेवा निर्दोष होती." मी टाळ्या वाजवल्या.

मी परीक्षा पास झालो. तोंडी परीक्षेत जे विचारले ते सगळे अण्णांनी आधीच विचारलेले होते, आणि तेही जास्त उर्मटपणे. खंडेनवमीपासून बॉयलरघराचा ताबा माझ्याकडे द्यायचे ठरले. त्यासाठी मागच्या वर्षांच्या वह्या लावून ठेवत होतो, तेव्हा ते पान उघडले. माझी नोंद. खाली अण्णांची डाव्या हाताची, कलंडलेली सही. आणि सहीखाली, पेन्सिलीने, तशाच कलंडलेल्या अक्षरांत दोन शब्द. बाकीच्या कुठल्याही पानावर त्यांनी सहीखाली काही लिहिलेले नाही. मी सगळ्या वह्या चाळल्या.

'मी वाचले.'

त्यानंतर मी जे केले ते पुढच्या पत्रात आहे. अण्णांना मोबाइलवरचे मेसेज आवडत नाहीत, म्हणून पोस्टाने पाठवले.

*

तीर्थस्वरूप अण्णांना साष्टांग नमस्कार.

तुमचा हात कसा आहे? मी इकडे ठीक आहे असे लिहिणार होतो, पण नाही. जुनी वही उघडली. तुमचे दोन शब्द पाहिले.

अण्णा, तुम्ही मला उभे कसे राहायचे यावर बोललात. फावडे कसे धरायचे, चहा किती प्यायचा, मूठ कशी दाबायची यावर बोललात. थंड भट्टीसमोर उभा राहिलो त्यावरही बोललात. एवढ्या एकाच गोष्टीवर तीन वर्षे गप्प बसलात. मला राग माझा यायला हवा, तो येतोच आहे. पण थोडा तुमचाही आला, तो लपवत नाही. त्या दिवशी ओरडला असतात तर मी तिथेच लिहिले असते. कदाचित लिहिले नसते. माहीत नाही.

काल मॅनेजरसाहेबांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "आता कशाला उकरतोस? तो माणूस घरी गेला." मी म्हणालो, घरी गेला म्हणूनच. मग म्हणाले, लेखी दे. दिले. बॉयलरघराचा ताबा मला मिळणार की नाही, हे आता त्यांच्या हातात आहे. वडिलांनाही सांगितले. त्यांनी आधी तुमच्या हाताचे विचारले. मग म्हणाले, "केळी घिऊन आलो तवा त्यांनी मला शब्द दिला हुता." कसला शब्द ते सांगत नाहीत. तुम्हीच सांगा.

आजच्या पानावर मी आजची तारीख घालून त्या दिवसाची नोंद पुन्हा लिहिली आहे, पूर्ण. फावडे कोणाच्या हातात होते, नको कोण म्हणाले, दोन्ही आहे. खाली सहीची जागा मोकळी ठेवली आहे.

खंडेनवमीला तुम्ही यायचे आहे. ताबा मला मिळाला तरी, नाही मिळाला तरी. मॅनेजरसाहेबांनी नारळाला होकार दिला आहे, आणि नव्या अटेंडंटला मी सांगितले आहे की त्या दिवशी भट्टीच्या दारापाशी हात पुढे करायचा नाही. उजव्या हाताने जमले नाही तर डाव्याने फोडा. पाणी सांडले तरी चालेल.

आज सकाळी रफिकभाईंची गाडी आली होती. मीटर म्हणाले कोरडी. मुठीत लाडू झाला. परत पाठवली. रफिकभाई म्हणाले, "क्या रे बाबा, एक गेला तर दुसरा आला!"

येताना चष्मा आणा. ते पान या वेळी तुम्ही स्वतःच वाचायचे आहे. मी वाचून दाखवणार नाही.

तुमचा,
बीएस्सी